राखेतली अंबाडी

मी बियाणं तपासणारा माणूस. माझी सगळी नोकरी सरकारी बीज-चाचणी प्रयोगशाळेत गेली. नमुन्याचं बी ओल्या कागदात गुंडाळायचं, उबेत ठेवायचं, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि बघायचं: कुठलं नीट उगवलं, कुठलं वाकडं उगवलं, कुठलं अजून झोपलेलं आहे, कुठलं मेलेलं. झोपलेलं बी आणि मेलेलं बी वरून सारखंच दिसतं. चिमट्यानं दाबलं की मेलेलं पिचकतं, झोपलेलं टणक राहतं. एवढा साधा फरक, पण तो दाबून बघितल्याशिवाय कळत नाही. एकदाच मी न दाबता निकाल दिला, आणि तो घरातल्या माणसाला दिला. तो निकाल पुढं आमच्या नातेवाइकांत माझं कौतुक म्हणून फिरत राहिला, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तरुणपणी मी गव्हाच्या प्रशिक्षणासाठी मेक्सिकोला वर्षभर होतो. ज्या घरात भाड्यानं राहायचो त्या बाईंची आई दक्षिणेकडच्या डोंगरातल्या गावाहून लेकीकडे यायची. म्हातारीचे गुडघे आखडलेले. तिच्याजवळ एक बाटली असे. त्यात दारूत बुडवलेला हिरवा पाला, काळपट झालेला. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून ती ते पाणी गुडघ्यांना चोळायची आणि माझ्याकडे बघून हसायची. पाला गांजाचा होता. त्यांच्या गावात मक्याच्या कडेनं चार-दोन झाडं असत, उंच, सडपातळ, बोटांसारख्या अरुंद पानांची. बी घरचंच, पिढ्यान् पिढ्या राखलेलं. मी बियांचा माणूस आहे हे कळल्यावर तिनं मक्याच्या सालीत मूठभर बी बांधून दिलं, वर लाल-हिरवी विणलेली फीत. तिची भाषा मला अर्धीच कळायची. दुसऱ्या जातीत मिसळू देऊ नकोस, एवढं मात्र तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. एखादी मुलगी सासरी धाडताना सांगावं तसं.

मी ते बी घरी आणलं. फिल्मच्या रोलच्या डबीत भरलं, फीत डबीला गुंडाळली आणि कपाटात मफलरच्या मागे ठेवून दिलं. लावायचा विचार नव्हता. हौशी माणूस नाणी ठेवतो तसं ठेवलं.

पुढं सात-आठ वर्षांनी बायकोचे सांधे धरले. आधी बोटं, मग गुडघे. गोळ्यांनी पोट बिघडायचं. आमच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर ती बसून राहायची, वर जायचं की खाली हे विसरल्यासारखी. एके दिवशी तिथूनच मला म्हणाली, "अहो, तुमच्या त्या मेक्सिकोच्या आजीचं औषध करून बघायचं का? चार रोपं मागच्या बाजूला लावू. अंबाडीच्या आड कुणाला दिसतात?"

तोवर कायदा कडक झाला होता. मी सरकारी नोकर. 'नको, मला भीती वाटते' एवढं म्हणालो असतो तर ती हसली असती, दोन दिवस चिडवलं असतं आणि विषय संपला असता. पण बायकोसमोर भीती कबूल करायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, "आधी उगवण तपासून बघतो." डबीला हातही लावला नाही. आठवड्याभरानं जेवताना सांगितलं, "तपासल्या. सगळ्या मेलेल्या निघाल्या."

ती म्हणाली, "बरं." आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

त्या औषधानं तिला बरं वाटलं असतं असं माझं म्हणणं नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण ती पुढची तीसेक वर्षं दुखणं काढत होती आणि त्यातल्या एकाही दिवशी मी खरं सांगितलं नाही. पुढं कधीतरी डबी कपाटातून नाहीशी झाली. दिवाळीच्या आवराआवरीत गेली असणार असं मी धरून चाललो आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी, दोन हजार वीसच्या सुरुवातीला, लेक मला आयर्लंडला घेऊन आली. ती रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात आहे, जावई घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो. तीन महिने राहायचं ठरलं होतं. निघताना तिनं आईच्या बियांच्या बाटल्या सामानात घेतल्या. दोडका, मेथी, वाल. बायकोचं माहेर नांदेडकडचं. तिकडच्या रीतीप्रमाणे ती सगळं बी चाळलेल्या राखेत कालवून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून बाटलीत घट्ट भरायची आणि फ्रिजच्या तळाशी ठेवायची. माझ्या आंब्यांना जागा उरायची नाही यावरून आमचं दरवर्षी वाजायचं. दर उन्हाळ्यात बाटल्या रिकाम्या करून बी सुपात पसरायचं, सावलीत वारं द्यायचं, नवी राख घालायची. मी प्रयोगशाळेत जे यंत्रांनी करत होतो ते ती चुलीच्या राखेनं करायची, आणि मी कधी नीट लक्षही दिलं नव्हतं.

मग विमानं बंद झाली. सत्तरीपुढच्यांनी घराचा उंबरा ओलांडायचा नाही असा इथं नियम निघाला. त्याला कोकूनिंग म्हणत. लेक रोज बॅज लावून कारखान्यात जायची, औषधं बनवणं थांबणार नव्हतं. परत आली की माझ्यापासून लांब उभी राहून बोलायची. मी खिडकीतून बंदरात शिरणारी जहाजं बघायचो. घरी जायची इतकी ओढ लागली होती की जहाजाचा भोंगा ऐकला तरी पिशवी भरावीशी वाटे. पण घरी जाऊन भेटायचं कुणाला हेही आठवायचं, मग पुन्हा खुर्चीत बसायचो.

इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं. त्याला हॉट प्रेस म्हणतात, कपडे वाळायला ठेवतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या उबेच्या पेटीपेक्षा चांगलं. एप्रिलमध्ये मी टॉवेल काढायला ते उघडलं तर आत मातीचा ट्रे, आणि कोपऱ्यात एकच रोप उगवलेलं. बीच्याच दोन गुळगुळीत डाळिंब्या, त्यांच्यामधून समोरासमोर निघालेली दोन कातरलेली पानं.

मी टॉवेल तसाच हातात धरून उभा राहिलो. आमच्या कुठल्या भाजीचं पहिलं पान असं नसतं, अंबाडीचंही नाही. ते अखंड असतं आणि एकेक निघतं. हे काय आहे ते माझ्या डोळ्यांना माझ्याआधी कळलं.

संध्याकाळी मी लेकीला विचारलं, "ट्रेमध्ये काय लावलंयस?"

"आईची अंबाडी!" ती दारातूनच ओरडली. "सगळी बाटली ओतली राखेसकट, आई ओतायची तशी. एकच उगवली, पण उगवली की नाही?"

"अंबाडी हे तुला कुणी सांगितलं?"

"आईनंच. लहानपणी त्या बाटलीला हात लावू द्यायची नाही. अंबाडी आहे, ती मीच लावणार, म्हणायची. थांबा, दाखवते."

काचेच्या कचऱ्यातून तिनं बाटली शोधून आणली. गळ्याला लाल-हिरवी फीत होती, धुऊन धुऊन विरलेली.

म्हणजे डबी फेकली गेली नव्हती. बायकोनं ती उघडली होती. न मोडलेलं, न भिजलेलं बी बघितलं होतं, म्हणजे मी ते तपासलंच नाही हे तिला कळलं होतं. आणि मला एक शब्द न विचारता ते आपल्या राखेत घालून, दर उन्हाळ्यात मी घरात नसताना सावलीत पसरून, पुन्हा नवी राख घालून सांभाळलं होतं. माझ्या कपाटात राहिलं असतं तर दहा वर्षांत मातीमोल झालं असतं. चाळीस वर्षांनी एक बी उगवतं ते आपोआप उगवत नाही.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. छान आलंय," मी म्हणालो.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ते रोप वाढताना मला बघायचं होतं. दुसरं कारण नाही.

पान मोठं झालं तसं ते बोटाबोटांत फाटत गेलं. आपल्याकडच्या अंबाडीचंही पान मोठेपणी तसंच फाटतं, म्हणून लेकीला संशय यायचं कारण नव्हतं. तिनं आयर्लंडमधल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं की आमच्याकडे अंबाडी आली आहे, फोटो नंतर टाकते. मग काय, ड्रोहेडाच्या हॉस्पिटलातल्या एका नर्सबाईंचा फोन आला: "अगं, एक फांदी पोस्टानं पाठवशील का? ओल्या कापडात गुंडाळून? तीन वर्षांत अंबाडी बघितली नाही गं!"

जावई म्हणाला, "पुण्यात असताना अंबाडीची भाजी पानात पडली की तू माझ्या पानात ढकलायचीस."

"तेव्हा मला मिळत होती," लेक म्हणाली.

आठवड्यातून एकदा ती कात्री घेऊन यायची आणि मी काहीतरी सांगून तिला परतवायचो. अजून कोवळी आहे. आत्ता खुडली तर वाढ खुंटेल. कळी धरू दे. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणून ती कात्री ठेवायची. बियांच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे निकाल, हे तिला आईनं शिकवलं होतं. मी पुन्हा तेच करत होतो. तोच आवाज, तीच खात्री, आणि तपासणी काहीच नाही.

लेक कामावर गेली, जावई वरच्या खोलीत मीटिंगला बसला की मी कुंडीजवळ खुर्ची ओढायचो. आता ती काचेच्या दारापाशी होती आणि रोप माझ्या छातीला लागत होतं. पानावरून बोट फिरवलं की बोटाला वास राहायचा, राळेसारखा, हिरवा. तो वास मला आधी मेक्सिकोच्या ओसरीवर न्यायचा आणि तिथून थेट आमच्या जिन्यावर. बायकोच्या गुडघ्यांवर हा वास कधी आलाच नाही. जे घडलंच नाही त्याचीही आठवण येते, हे मला सत्तरीनंतर कळलं. मी तिला रोज एकच विचारत होतो. लावलं का नाहीस? तुझ्या हाताशी होतं. माझ्या नोकरीची काळजी होती, की मी एक दिवस स्वतःहून म्हणेन, चल, लावू या, याची वाट बघत होतीस?

एक आशा मात्र मी धरून होतो, की याला फूल येईल, बी धरेल. एकट्या झाडाला बी धरत नाही हे मला ठाऊक होतं, तरी धरून होतो. त्यातही त्या मुलखातली ही जात दिवस पुरेसा लहान झाल्याशिवाय कळीचा विचार करत नाही, आणि इथं जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. ते बिचारं नुसतं वर वर जात होतं. अंधाराची वाट बघत होतं, आणि अंधार येईल तेव्हा इथं थंडी पडलेली असेल.

ऑगस्टमध्ये शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावल्या. माझ्याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या, गप्पांना आसुसलेल्या. काचेच्या दाराकडे बघून म्हणाल्या, "ग्रँड आहे हो तुमचं झाड."

"भाजी आहे. आमच्याकडची," मी म्हणालो.

"अस्सं? आमच्या नातवानंही माळ्यावर टोमॅटो लावले होते. अगदी असेच. गार्डा आले आणि टोमॅटो घेऊन गेले. नातवालाही." आणि मला डोळा मारून त्या कपडे वाळत घालायला गेल्या.

गार्डा, म्हणजे इथले पोलीस, येणार होते असं नाही. त्या बाई कुणाला काही सांगणाऱ्या नव्हत्या. पण खुर्चीत परत बसल्यावर मला लेकीचा बॅज दिसला, दाराजवळच्या खुंटीवर लटकणारा. औषधांच्या कारखान्यातली नोकरी, परदेशातली परवानगी, हप्त्यावरचं घर. आणि व्हॉट्सॲपवर जायचा राहिलेला तो फोटो. एकदा मी माझ्या नोकरीसाठी बायकोला फसवलं होतं. आता माझ्या एका रोपासाठी लेकीची नोकरी पणाला लावत होतो, तीही तिला न सांगता.

तरी मी रविवारपर्यंत थांबलो. खरं सांगायचं तर मी बोललो कारण इलाज उरला नाही. रविवारी ती कात्री आणि परात दोन्ही घेऊन आली. मागे ओट्यावर लसूण सोललेला, ज्वारीचं पीठ भिजवलेलं.

"बाबा, आज नाही ऐकणार. निम्मी फांदी आपल्याला आणि निम्मी ड्रोहेडाला."

"ती अंबाडी नाही."

"मग काय, आंबा आहे?" जावई हसला.

"गांजा आहे."

जावई आणखी हसला. "कोकूनिंगचा परिणाम!" मग त्यानं पान हातात घेतलं, फोन काढला, पडद्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं. "अगं... खरंच की. मला आधीपासून शंका होती."

"तू गप्प बस. तुला मेथी आणि कोथिंबीर कळत नाही." तिनं परात खाली ठेवली. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे, बाबा?"

"पहिलं पान आलं तेव्हापासून."

"एप्रिलपासून?" ती खुर्चीत बसली. "मी ही पोस्टानं पाठवणार होते. हॉस्पिटलातल्या बाईला! उद्या डब्यात घेऊन जाणार होते, कारखान्यात, जिथं गेटवर पिशवी उघडून दाखवावी लागते. आणि तुम्ही मला सांगत होता, कळी धरू दे?"

"हो."

"पण आई तर म्हणायची..." ती थांबली. बाटली खिडकीत होती, तिच्याकडे बघत म्हणाली, "हे मेक्सिकोचं बी आहे का? ते औषधाचं?"

"हो."

"ते तर उगवलं नव्हतं. आईनं मला सांगितलं होतं. बाबांनी नोकरी धोक्यात घालून लॅबमध्ये लावून बघितलं, पण बी जुनं होतं, म्हणून. मी तेराव्याला सगळ्यांसमोर सांगितलं हे. तुमच्या देखत."

मला तो दिवस आठवत होता. माझ्या मोठ्या मेव्हण्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मी मान खाली घातली होती आणि लोकांना ते दुःख वाटलं होतं.

"मी लावलंच नव्हतं," मी म्हणालो. "घाबरलो. आणि घाबरलो हे सांगायची लाज वाटली. तिला सांगितलं मेलेलं आहे."

जावई हळूच उठून वर गेला. लेकीनं कात्रीही परातीत ठेवली. मग तिनं विचारलं, "आईला कळलं होतं?"

मी फीत दाखवली. राख, फ्रिज, उन्हाळे, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणून मला अंबाडी सांगितली. मी तुमच्यासमोर बोलून बसले असते ना." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तिनं तुम्हाला पकडलं नाही, बाबा. वर तुमची बाजूही सांभाळली."

मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं ओट्यावरचा लसूण उचलून डब्यात ठेवला आणि म्हणाली, "आजच काढून टाका ते. मी नाही काढणार."

मी काढलं. मुळं कुंडीच्या तळाशी गोल गोल फिरली होती, जागा शोधत. झाड हलकं होतं, एवढ्या उंचीच्या मानानं फारच हलकं. बारीक कापून, ओल्या मातीत कालवून कचऱ्याच्या हिरव्या पिंपात घातलं. हात धुतले तरी वास गेला नाही, आणि मी ते फार जोरात धुतलेही नाहीत. मग तो पहिला ट्रे माळ्यावरून काढला, माती चाळली आणि न उगवलेल्या बिया एकेक करून चिमट्यानं दाबल्या. लेकीचा भुवया कोरायचा चिमटा होता. सगळ्या पिचकल्या. निदान आता त्या मेलेल्या आहेत, हे मी तपासून सांगू शकतो. त्या म्हातारीच्या डोंगरातलं माझ्याकडचं बी तिथं संपलं.

त्या शरद ऋतूत लेक माझ्याशी कामापुरतं बोलायची. "चहा ठेवलाय." "गोळी घेतली?" पुन्हा निर्बंध आले, पाच किलोमीटरच्या पुढं जायचं नाही. मी त्या पाचांतला एकही पुरा चाललो नाही. माझं जायचं तिकीट तीनदा पुढं गेलं. मेव्हण्यांना फोन करून मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट." त्यांना ती जाऊ द्यावीशी वाटली हे त्यांचं चांगुलपण. बाकीच्यांसाठी हे लिहितो आहे. आमच्या प्रयोगशाळेत निकाल चुकला तर जुना आकडा खोडून पुसायची परवानगी नव्हती. त्यावर एकच रेघ मारायची, जुना वाचता आला पाहिजे, शेजारी नवा लिहायचा. नवा निकाल असा: बी जिवंत होतं. तिनं ठेवलं होतं.

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये ड्रोहेडाच्या त्या बाईंचं पाकीट आलं. त्यांच्या आईकडून कधीतरी आलेलं बी डब्याच्या तळाशी सापडलं होतं. लेकीनं ते जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ओतलं.

"सांगा, काय आहे."

मी भिंग लावून बघितलं. करडं, तीन कोपऱ्यांचं, खरबरीत. "अंबाडी दिसते."

"दिसते की आहे?"

"आता नाही सांगता येणार. उगवल्यावर सांगतो."

ती कितीतरी महिन्यांनी हसली. तोंड फिरवून हसली, पण मी बघितलं. तिनं स्वयंपाकघरातला कागद भिजवून दिला, मी बी ओळीनं मांडलं, गुंडाळी केली. हॉट प्रेसमध्ये ठेवायच्या आधी तिनं बाटलीच्या गळ्याची फीत सोडवली आणि गुंडाळीला बांधली, दोन गाठी मारून.

रविवारी उलगडायची आहे. मी एकट्यानं उलगडायची नाही, असं तिनं बजावलं आहे.